ओसाकाहून एक दिवस, गाइडसोबत देवळं बघायला: क्योतो आणि नारा दोन्ही, की फक्त नारा?

वैशाली_अमळनेर

नमस्कार मंडळी. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आई आणि जिभाऊंना, म्हणजे वडिलांना, घेऊन ओसाकाला भावाकडे चालले आहे. भावाला त्या दिवसांत सुटी नाही. म्हणून जुनी देवळं बघायला एक दिवस गाइडची सहल घ्यायची असं ठरलंय. बाकीचे दिवस घरी आणि आसपास.

दोन पर्याय समोर आहेत. एक म्हणजे मोठी बस. सकाळी ओसाकाहून निघते आणि क्योतोतलं आराशियामा, किंकाकु-जी, फुशिमी इनारी आणि शेवटी नारा असं सगळं करून रात्री परत आणते. दुसरा म्हणजे फक्त नाराची, छोट्या गटाची, गाइडबरोबर चालत. दुसरी महाग आहे आणि ठिकाणं कमी.

जिभाऊ निवृत्त शिक्षक. जाण्याचं ठरल्यापासून वहीत टिपणं काढताहेत, बुद्ध, तिथला मूळ शिंतो धर्म, सम्राट, सगळं. आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर बरी चालते पण पायऱ्या म्हटल्या की थांबते. आणि तिचं सुरुवातीपासून एकच, "तठे जाईसन मी काय करसू?" देव आपले नाहीत, भाषा कळत नाही, खायचं काय, असं तिचं चाललंय. तिला तिथे परकं वाटू नये ही माझी खरी काळजी आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही.

कोणी जाऊन आलं असेल तर मनापासून सांगा.

धुळेकर_संजय

ताई, आम्ही आई-बाबांना बसनेच नेलं होतं आणि मी बसच सुचवेन. वयस्कर माणसांसोबत स्टेशनं बदला, जिने शोधा, तिकिटाच्या मशीनसमोर उभे राहा, या सगळ्यातून सुटका होते. सामान बसमध्ये ठेवता येतं, पाय दुखले तर बसून राहता येतं. फुशिमी इनारीच्या लाल कमानी बघून आमच्या आईचा चेहरा असा खुलला की बस. पुन्हा जपानला कोण नेणार त्यांना? एका दिवसात चार नामांकित ठिकाणं झाली याचं दोघांना फार समाधान होतं.

एक मात्र खरं, प्रत्येक ठिकाणी पाऊण तास, तास. क्योतोत गर्दी प्रचंड, आणि नारात पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. तिथे हरणं आणि मोठा बुद्ध, एवढंच झालं.

मनीषा_शिरपूर

वैशाली, मी नागोयाला काही वर्षं काढली आहेत. सहलीचं बाकीचे सांगतील, मी खाण्याचं सांगते, कारण दिवस बिघडतो तो तिथेच.

तिकडे "भाज्या घातल्यात, मांस नाही" असं सांगितलं तरी रस्सा बहुतेक वेळा दाशीचा असतो, आणि दाशी म्हणजे वाळवलेल्या बोनितो माशाचं पाणी. उदोन, सोबा या शेवया, मिसो सूप, अगदी पालकाच्या भाजीवरसुद्धा तेच. त्यामुळे नुसतं "मांस नको" म्हणून चालत नाही, "माशाची दाशीही नको" हे गाइडला आदल्या दिवशी कळवायचं, म्हणजे तो दुकान शोधून ठेवतो. बौद्ध भिक्षूंचं शोजिन र्योरी म्हणून जेवण असतं, तोफू, भाज्या, तीळ, सगळं शाकाहारी. मिळालं तर जरूर घ्या, पण आधी ठरवावं लागतं.

दुपारसाठी मात्र सरळ दशम्या करून न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीच्या पुऱ्या. ओसाकाला भावाकडे स्वयंपाकघर आहेच, आदल्या रात्री ताज्या करा. इथून जाताना ताजी फळं, भाज्या नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात. जळगावची केळी नाही, पण केळीचे वेफर चालतात. अडलंच तर कुठल्याही छोट्या दुकानात भाताचा त्रिकोणी ओनिगिरी मिळतो, त्यातला उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आंबट फळाचा घ्या. भाजलेलं रताळंही थंडीत मिळतं, आईला आवडेल.

पहूरकर

वैशालीताई, राम राम. मी पहूरचा, जामनेर तालुका. अजिंठ्याला गाइड आहे, जपानी पाहुण्यांना त्यांच्या भाषेत लेणी दाखवतो. त्यातल्याच एका वयस्कर जोडप्याने मला नाराला बोलावून घेतलं, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं आणि रोज सकाळी सोबत घेऊन निघायचे. म्हणून तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यावंसं वाटलं. जरा लांबेल.

आधी मत सांगतो. बस नको. फक्त नारा करा, आणि त्यातही सकाळी होर्यू-जी, दुपारी तोदाई-जी ही दोन बौद्ध देवळं, एवढंच.

संजयभाऊंचं स्टेशनं आणि जिन्यांचं म्हणणं खरं आहे, ते मी खाली घेतो. पण घाईच्या सहलीची दुसरी बाजू मी रोज बघतो. अजिंठ्याला तीस लेणी आहेत. दोन-अडीच तास हातात घेऊन आलेला गट सगळी बघायची म्हणून १ नंबरपासून पळत सुटतो, आणि २६ मध्ये पोचतो तोवर कोणाच्या डोळ्यांत काही शिरत नाही. तेवढ्याच वेळात १, २, १६, १७ आणि २६ नीट दाखवली की तीच माणसं परतीच्या वाटेवर मला थांबवून प्रश्न विचारतात. पद्मपाणीसमोर उभं राहिल्यावर अंधाराला डोळे सरावायलाच दोन मिनिटं लागतात. ज्याच्याकडे ती दोन मिनिटं नाहीत त्याला भिंत काळी दिसते.

आता होर्यू-जीच का. बसच्या यादीत ते नसतं, कारण ते नारा शहराच्या बाहेर, इकारुगा गावात आहे. राजपुत्र शोतोकुंनी इ.स. ६०७ मध्ये उभारलेलं, पुढे आगीनंतर सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुन्हा बांधलेलं. तिथलं मुख्य मंदिर, कोन्दो, आणि पाच मजली पॅगोडा ही जगातली सर्वांत जुनी उभी असलेली लाकडी बांधकामं आहेत. १९९३ मध्ये जपानला जागतिक वारशाची पहिली स्थळं मिळाली, त्यात हे होतं. पण आपल्या खान्देशच्या माणसाने तिथे जावं याचं कारण वेगळं आहे.

कोन्दोच्या आतल्या भिंतींवर बुद्धाची आणि बोधिसत्त्वांची मोठी चित्रं होती. त्यातल्या एका भिंतीवर अमिदा बुद्धाच्या बाजूला उभा असलेला कानोन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, आणि आपल्या १ नंबरमधला पद्मपाणी हे दोघे शेजारी ठेवून जगभरच्या अभ्यासकांनी बघितले आहेत. तीच एकसारखी वाहती रेघ, कडेला गडद छटा देऊन आणलेला तोच उठाव, खाली झुकलेली नजर. मध्ये दोनशे वर्षं आणि अर्धा आशिया. २६ जानेवारी १९४९ ला तिथे आग लागली. चित्रांच्या नकला काढण्याचं काम चालू होतं तेव्हाच. रंग करपून गेले, रेघा तेवढ्या उरल्या. त्या धक्क्यातून पुढच्याच वर्षी जपानने वारसा जपण्याचा कायदा केला, आणि आजही २६ जानेवारीला तिथल्या देवळांमध्ये आग विझवण्याची कवायत होते. आता भिंतींवर दिसतात त्या १९६० च्या दशकाच्या शेवटी चित्रकारांनी केलेल्या प्रतिकृती. आत अंधार असतो, मध्ये जाळी असते, फोटो काढता येत नाही. जिभाऊंना सांगा, आत गेल्यावर लगेच पुढे सरकू नका, थांबा.

मला मात्र त्याहून जास्त धरून ठेवलं ते शेजारच्या पॅगोड्याने. त्याच्या तळमजल्यावर चारही बाजूंना मातीच्या छोट्या मूर्तींचे देखावे आहेत, इ.स. ७११ चे. उत्तरेकडे जा. तिथे बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे. बुद्ध मधोमध आडवे, आणि भोवती शिष्य. पुढच्या रांगेतले भिक्षू वीतभर, हातभर उंचीचे. एकाने तोंड वासून आभाळाकडे टाहो फोडलाय, एकजण छाती बडवतोय, एकाच्या बरगड्या मोजता येतात. माती आहे, रंग उडालाय, आणि तरी त्यांचा आवाज येईल असं वाटतं. आपल्या २६ मध्ये तोच प्रसंग दगडात आहे, सात मीटर लांबीचे बुद्ध, खाली शोक करणारे शिष्य. मी ज्याच्यासमोर उभा राहून रोजीरोटी कमावतो तो प्रसंग तिथे हातभर मातीत बघितला आणि बराच वेळ जाळीपासून हललो नाही. माझे यजमान मागे शांत उभे होते, त्यांनी घाई केली नाही. चांगला गाइड असाच असतो.

होर्यू-जीचं आवार सपाट आहे, वाळू-खडीचं. आईंना जमेल. संग्रहालयाच्या भागात तामामुशी देव्हारा आहे, त्याच्या एका बाजूवर भुकेल्या वाघिणीसाठी देह देणाऱ्या राजपुत्राची जातककथा रंगवलीय. एकाच चौकटीत तो तीनदा दिसतो: वर कपडे उतरवताना, मध्ये उडी घेताना, खाली वाघिणीपुढे. आपल्या १७ नंबरमध्येही कथा अशीच पुढे सरकते, तोच माणूस पुन्हा पुन्हा. जिभाऊ वहीत काढून घेतील.

मग तोदाई-जी. इथे बसवालेही थांबतात, पण गाइड सांगतात ते उंची आणि वजन. पंधरा मीटरचा ब्राँझचा बुद्ध, खरंच भव्य आहे, पण तुमच्या आईंना सांगण्यासारखी गोष्ट निराळी आहे. इ.स. ७५२ मध्ये सम्राट शोमूंनी घडवून घेतलेल्या या मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी झाला. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेच्या वेळी मूर्तीचे नेत्र उघडतात, तोच. तो करायला बसवला होता भारतातून गेलेल्या भिक्षू बोधिसेनाला. ७३६ मध्ये तो चीनमार्गे तिकडे पोचला होता, आणि पुढे आला तो आजच्या ओसाकाच्याच किनाऱ्याला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोर बांधले होते आणि जमलेल्या लोकांनी ते धरले होते, म्हणजे डोळे काढण्यात सगळ्यांचा हात लागावा. तो कुंचला आणि तो निळा दोर आजही तिथल्या शोसो-इन भांडारात जपून ठेवलेत. आईंना म्हणावं, त्या देवाचे डोळे आपल्या माणसाने उघडलेत.

पुढे दोनदा युद्धांत देऊळ जळालं, ११८० आणि १५६७. मूर्तीचं डोकं सतराव्या शतकाच्या शेवटचं, आताची इमारत १७०९ ची, आणि ती मूळच्यापेक्षा रुंदीने तिसऱ्या हिश्श्याने लहान आहे. तरी आत गेल्यावर मान मागे जाते.

दारात शिरण्याआधी समोर आठ कोनांचा ब्राँझचा दिवा आहे, उंच. लोक त्याच्याभोवतीने निघून जातात. तो मूळचा, आठव्या शतकातला आहे, सगळ्या आगींतून वाचलेला. त्याच्या जाळीवर वाद्यं वाजवणारे बोधिसत्त्व आहेत, एकजण बासरी वाजवताना गाल किंचित फुगवून आहे. तिथे थांबा.

आणि आईंच्या गुडघ्यांसाठी. मोठ्या देवळाच्या दाराबाहेर, उजव्या हाताला लाल वस्त्र पांघरलेली लाकडी मूर्ती बसलेली दिसेल. तो बिन्झुरु, म्हणजे बुद्धांचा शिष्य पिंडोल भारद्वाज. आपलं जे दुखतं तोच त्याचा अवयव आधी हाताने चोळायचा, मग आपला. तिथल्या आज्ज्या त्याच्या गुडघ्याला हात लावून आपल्या गुडघ्याला लावतात. आईंना हे कोणी समजावून सांगावं लागणार नाही.

गाइड कसा निवडायचा, हा खरा प्रश्न. जपानमध्ये १९४९ च्या कायद्याने परवाना असल्याशिवाय पैसे घेऊन गाइडचं काम करता येत नव्हतं. २०१८ पासून ते बंधन उठलं, आता कोणीही करू शकतं. म्हणून विचारून घ्या की राष्ट्रीय परवाना आहे का. परवान्याची परीक्षा अवघड असते, इतिहास, भूगोल, भाषा सगळं असतं. पैशाची ओढाताण असेल तर नारात स्वयंसेवक गाइडही मिळतात, त्यांचा प्रवास, प्रवेश आणि जेवण बघायचं, आधी नोंदवायचं. त्यातले निवृत्त शिक्षक किंवा विद्यार्थी असतात आणि मन लावून दाखवतात. कोणालाही बुक करण्याआधी एकच विचारा: आईंचे पाय थकले तर तुम्ही काय गाळाल? ज्याच्याकडे याचं उत्तर तयार असेल त्याला घ्या. जो म्हणेल सगळं दाखवतो, त्याला नको.

वाहतुकीचं. ओसाकाच्या तेन्नोजीहून जेआरची, म्हणजे जपान रेल्वेची गाडी थेट होर्यू-जी स्टेशनला जाते, गाडी बदलायची नाही. स्टेशनपासून देऊळ वीस मिनिटं चालत, तुम्ही टॅक्सी करा. मग त्याच मार्गावर पुढे नारा, दहा-बारा मिनिटं. तिथून पुन्हा टॅक्सी तोदाई-जीच्या जवळपर्यंत. परत येताना किंतेत्सु नारा स्टेशनवरून थेट ओसाकाच्या नांबाला, नाराचं हे स्टेशन हरणांच्या बागेच्या जवळ पडतं. नोव्हेंबरच्या शेवटी पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मोठा बुद्ध पाचला बंद होतो, म्हणून होर्यू-जी सकाळीच.

धुळेकर_संजय

पहूरकर दादा, बोधिसेनाचं आम्हाला कोणी सांगितलं नाही. आम्ही त्याच मूर्तीसमोर उभे होतो. पण एक विचारतो, फुशिमी इनारी किंवा कासुगासारखं शिंतो देऊळ एकही नसेल तर जपान अर्धंच बघितल्यासारखं नाही का? माझ्या आईला त्या कमानीच आठवतात.

पहूरकर

संजयभाऊ, बरोबर. आईंचे पाय साथ देत असतील तर कासुगा ताइशा करावंच. इ.स. ७६८ चं, फुजिवारा घराण्याचं देऊळ. दगडाचे आणि ब्राँझचे मिळून तीन हजारांच्या आसपास दिवे, सगळे भाविकांनी वाहिलेले. पण लोक खालून बागेतून चढत जातात आणि तिथेच दमतात. किंतेत्सु नाराहून देवळाच्या अगदी वरपर्यंत बस जाते. वर उतरायचं आणि मग उताराने तोदाई-जीकडे यायचं. असं केलं तर होर्यू-जीतून साडेअकराला निघावं लागेल. दोन्ही एका दिवसात बसत नसेल तर मी तरीही कासुगा सोडेन, होर्यू-जी सोडणार नाही. हे माझं मत, जिथे रोज उभा असतो त्या जागेमुळे आलेलं.

वैशाली_अमळनेर

पहूरकर दादा, जिभाऊंना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. वाघिणीच्या कथेपाशी त्यांनी मला थांबवून वही आणली. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. बिन्झुरुचं ऐकून बाहेर आली आणि म्हणाली, हात लावू देतात का तिथे परक्यांना?

मनीषाताई, दशम्यांचं नक्की. आणि दोन शंका. तिथे नमस्कार कसा करायचा, टाळ्या वाजवतात म्हणे? आणि आई नऊवारी नेसते, बदलायला लावू का?

पहूरकर

आईंना सांगा, सगळ्यांना लावू देतात.

नमस्काराचं असं. कमान, म्हणजे तोरी असेल ते शिंतो देऊळ. शिरताना किंचित वाकायचं, कडेच्या पाण्याने आधी डावा हात, मग उजवा धुवायचा, डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची. देवासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मग पुन्हा एकदा वाकायचं. बुद्धाच्या देवळात टाळ्या नाहीत. हात जोडायचे, मान झुकवायची, आपल्यासारखंच. तोदाई-जीचं मोठं देऊळ आणि होर्यू-जीचं कोन्दो इथे चप्पल-बूट काढावे लागत नाहीत, आईंना याची रुखरुख लागेल, आधीच सांगून ठेवा. लहान देवळांमध्ये लाकडी फरशी असेल तिथे मात्र काढतात, म्हणून चटकन निघणारं पायताण आणि जाड मोजे. थंडी असते.

नऊवारी खुशाल नेसू द्या. फक्त तोदाई-जीच्या वाटेवर हरणं पदर ओढतात, कागद तर हातातून खातात. पदर खोचून घ्यायला सांगा आणि जिभाऊंची वही पिशवीत. हरणांसाठीची बिस्किटं तिथेच विकत मिळतात, तेवढीच द्यायची, आपल्या दशम्या नाही. शिंगवाल्या नरांपासून त्या दिवसांत लांब राहा, हंगाम असतो त्यांचा.

मनीषा_शिरपूर

दादांच्या टॅक्सीच्या सल्ल्यात भर घालते. टॅक्सीचं दार आपण उघडायचं नसतं, ड्रायव्हर आतून उघडतो. आणि देवळांची नावं जपानी लिपीत कागदावर लिहून ठेव, भाऊ लिहून देईल. तो कागद दाखवला की प्रश्न मिटतो.

वैशाली_अमळनेर

छोट्या गटाची नाराची सहल नको म्हणून कळवलं, कारण त्यात होर्यू-जी नव्हतं. त्याऐवजी परवाना असलेल्या एका गाइड बाईंना लिहिलंय. आईंचे पाय थकले तर काय गाळाल, हेही विचारलं. त्यांचं उत्तर आलं: आधी कासुगा गाळेन, मग संग्रहालयातला अर्धा भाग, पॅगोडा नाही गाळणार. त्यांनाच ठरवतेय.

दादा, एक सांगायचं राहिलं. आम्ही अमळनेरचे असून आईने अजिंठा बघितलेला नाही. जिभाऊ शाळेच्या सहलींसोबत गेलेत, आई घरी राहायची.

पहूरकर

मग ताई, निघण्याआधी या. आईंनी आधी २६ नंबर बघितलं पाहिजे, म्हणजे होर्यू-जीच्या पॅगोड्यापाशी त्यांना कोणी काही सांगायची गरज पडणार नाही. पायऱ्यांची काळजी करू नका, खाली डोलीवाले असतात, आईंना वर आणतील. सकाळी लवकर आलात तर १ नंबरमध्ये गर्दी नसते. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढं बघून तारीख कळवा.